सकाळी समुद्र, दुपारी वाळवंट

अलास्कातल्या स्कॅग्वे गावाची कायमची वस्ती हजार-बाराशे. उन्हाळ्यात क्रूझचा मोसम भरात आला, की मोठमोठी जहाजं एकाच दिवशी धक्क्याला लागतात आणि या एवढ्याशा गावात दहा हजारांवर पाहुणे उतरतात. बरेचसे ब्रॉडवे नावाच्या मुख्य रस्त्यावर फिरतात, दागिन्यांच्या दुकानांत डोकावतात, जुन्या रेल्वेत बसून येतात आणि जेवणाच्या वेळेला परत जहाजावर. मोजके लोक मात्र उतरल्या उतरल्या भाड्याच्या गाडीची किल्ली घेतात आणि डोंगराकडे निघतात. तुमचं अलास्का क्रूझचं तिकीट काढून झालं असेल आणि घरात कुणाला गाडी चालवायची हौस असेल, तर या मोजक्या लोकांत तुमचं नाव घाला.

कारण इथून निघणारा क्लोंडाइक हायवे सव्वाशे किलोमीटरच्या आत काय काय दाखवतो बघा. खारं पाणी, सूचिपर्णी जंगल, हजार मीटरचा घाट, उघडेबोडके कातळ, एकामागून एक तळी, वाळूच्या टेकड्या, आणि शेवटी खऱ्या पाचूच्या रंगाचं सरोवर. वाटेत एक आंतरराष्ट्रीय सीमा. सगळं एका दिवसात, संध्याकाळच्या भोंग्याआधी.

पंचवीस किलोमीटरसाठी पावणेसहाशे

आग्नेय अलास्कात मुळात रस्ता असणं हीच बातमी आहे. राज्याची राजधानी जुनो, पण तिथे बाहेरून गाडीने जाताच येत नाही. बोट नाहीतर विमान. या सगळ्या किनारपट्टीवर बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेली गावं तीनच: स्कॅग्वे, हेन्स आणि हायडर. त्यातही गंमत अशी, की तिन्ही गावांचे रस्ते आधी कॅनडात शिरतात. स्कॅग्वेहून शेजारचं हेन्स पाण्यातून पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. गाडीने जायचं तर कॅनडात चढा, वळसा घाला आणि पुन्हा अमेरिकेत उतरा. अंतर सुमारे ५७० किलोमीटर!

आणि हा रस्ता तसा तरुण आहे. स्कॅग्वेहून वर जाणारा टप्पा १९७८ साली पूर्ण झाला. तोवर गावातून आत जायला रेल्वे होती, नाहीतर पाय होते.

किल्लीआधी कागद

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सहल होते किंवा हुकते. सिएटलकडे मुलांकडे गेलेले आपल्याकडचे कितीतरी आई-बाबा अलास्का क्रूझ करतात. त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असतो. कॅनडाचा असेलच असं नाही. या रस्त्यावर अमेरिकी व्हिसाने अर्धीच वाट चालते. भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि परत अमेरिकेत शिरायचं असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. मूळ पासपोर्ट सोबत पाहिजे, फोनमधला फोटो चालत नाही.

जाता जाता एक मजेदार कायदा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या अलास्का क्रूझ वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास का थांबतात? अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने नुसत्या अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवायचे नाहीत, वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यायचं. मोठ्या क्रूझ जवळपास सगळ्याच परदेशी झेंड्याच्या. म्हणून तो थांबा. म्हणजे कॅनडाच्या व्हिसाचा विषय क्रूझ बुक करतानाच काढायचा.

गाडीचं म्हणाल तर गाव लहान, त्यामुळे भाड्याच्या गाड्याही मोजक्या. आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, महिनेन् महिने आधी राखून ठेवा. काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच: गाडी कॅनडात न्यायची परवानगी करारात लिहिली आहे का, आणि विमा तिकडेही लागू आहे का? भारतातला परवाना असेल तर आरटीओमधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, ते वर्षभर चालतं. मूळ लायसन्सही बरोबर लागतंच. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा आणि टाकी भरा. घाटात पेट्रोल पंप नाही, पुढचा थेट कॅनडातल्या कारक्रॉस गावाला.

तिकडे उजवीकडून चालवायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरी गोष्ट मात्र ध्यानात राहत नाही. अलास्काच्या गाडीचा काटा मैलांत आणि कॅनडातल्या पाट्या किलोमीटरमध्ये. पाटीवर ९० दिसलं, की मैलांच्या काट्यावर ते ५५ च्या आसपास असतं. काटा ९० वर नेलात तर पोलीस तुम्हाला थांबवणार आणि ते बरोबरच असेल.

ज्या गावात कुणी राहायला आलं नाही

१६ ऑगस्ट १८९६. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोनं सापडलं. बातमी बाहेर यायला जवळजवळ वर्ष गेलं. जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली आणि अमेरिकेने कामधंदा टाकला. सुमारे एक लाख माणसं निघाली असं मानतात. पोहोचली तीस-चाळीस हजार. त्यातल्या हजारोंनी पहिलं पाऊल टाकलं ते स्कॅग्वेच्या किंवा शेजारच्या डायीच्या चिखलात. हे गाव मुक्कामाचं कधीच नव्हतं, ते दार होतं. आजही त्याची खरी मजा दारात उभं राहण्यात नाही, दार ओलांडण्यात आहे. गाडी घ्या असं मी म्हणते ते यासाठी.

या गर्दीच्या दहा वर्षं आधी, १८८७ मध्ये, विल्यम मूर नावाच्या वयस्क कप्तानाने इथे जमीन धरली होती. गावामागच्या व्हाइट पास खिंडीतून एक दिवस सोन्याचा रस्ता जाणार, असं त्याला पक्कं वाटत होतं. त्याने धक्का बांधला, घर बांधलं. माणसं आली तीही अगदी त्याने म्हटल्याप्रमाणे, पण आल्या आल्या त्यांनी त्याच्याच जमिनीवर रस्ते आखून प्लॉट वाटून घेतले. पुढे कोर्टात भांडून त्याला भरपाई मिळाली. त्याचं लाकडी घर अजून गावात उभं आहे.

आता सामानाची गोष्ट. १८९८ च्या सुरुवातीला कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर चौक्या बसवल्या आणि नियम केला: वर्षभर पुरेल एवढा शिधा असल्याशिवाय आत सोडणार नाही. पीठ, डाळी, खारवलेलं मांस, तंबू, करवत, खिळे असं सगळं मिळून माणशी जवळपास एक टन. नियम कडक होता, पण त्यामुळे पलीकडच्या हिवाळ्यात माणसं उपाशी मेली नाहीत. एक टन पाठीवरून न्यायचं म्हणजे तोच चढ तीस-चाळीस वेळा चढायचा. आपण सुटकेस डिकीत टाकून पाऊण तासात माथा गाठतो.

घाट चढताना

गाव सोडलं की रस्ता लगेच उचलतो. समुद्रसपाटीपासून माथा १,००३ मीटर, आणि हा सगळा चढ पंचवीस किलोमीटरच्या आत. उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी झाले तर वेग जिरवायला बाजूला खास चढता फाटा काढलेला दिसेल. त्यावर फोटोसाठी गाडी लावू नका.

दरीपलीकडे डोंगराच्या अंगाला एक बारीक रेघ दिसते. ती व्हाइट पास रेल्वे. तिची सुरुवात म्हणजे एका रात्रीची गप्पांची बैठक. लंडनच्या भांडवलदारांकडून आलेले सर थॉमस टँक्रेड पाहणी करून 'इथे रेल्वे अशक्य' या मतावर आले होते. स्कॅग्वेच्या एका हॉटेलात त्यांची गाठ मायकेल हेनी या कंत्राटदाराशी पडली. हेनीने स्वतः खिंड पाहिली होती आणि त्याच्या मते काम होण्यासारखं होतं. बोलता बोलता पहाट झाली आणि रेल्वे ठरली. मे १८९८ मध्ये काम सुरू, २९ जुलै १९०० ला कारक्रॉसला शेवटचा खिळा. रुळांची रुंदी फक्त तीन फूट ठेवली, कारण अरुंद गाडी जास्त तीव्र वळण घेते आणि कातळ कमी फोडावा लागतो. तोवर सोन्याची लाट ओसरली होती, तरी रेल्वे टिकली. १९८२ मध्ये खाणी मंदावल्या तशी बंद पडली, आणि १९८८ मध्ये क्रूझच्या पाहुण्यांनी तिला पुन्हा जिवंत केलं.

या रेल्वेच्या नावावर आणखी एक मान आहे. न्हावा शेवाला कंटेनरचे ढीग पाहून ही कल्पना कुठल्या तरी महाबंदरातून निघाली असेल असं वाटतं. पण केवळ कंटेनर वाहण्यासाठी म्हणून मुद्दाम बांधलेलं जगातलं पहिलं जहाज, 'क्लिफर्ड जे. रॉजर्स', १९५५ मध्ये याच व्हाइट पास कंपनीने पाण्यात आणलं, आणि ते व्हँकुव्हर ते स्कॅग्वे अशा फेऱ्या करायचं. जहाजातून रेल्वेवर आणि रेल्वेवरून पुढे ट्रकवर, सामान एकदाही न उघडता.

खालच्या दरीला डेड हॉर्स गल्च म्हणतात. १८९७-९८ च्या धावपळीत या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे-खेचरं मेली. आणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कधी जनावर सांभाळलं नव्हतं. वाटेल तेवढं लादायचं, चारा नाही, दगडांत पाय अडकला की तिथेच सोडून पुढे. इतका सुंदर घाट, आणि त्याच्या पायथ्याशी हे. थांब्यावर गाडी लावून क्षणभर खाली बघावं.

सतराव्या-अठराव्या किलोमीटरच्या सुमारास कॅप्टन मूरच्या नावाचा तारांनी पेललेला पूल लागतो. हा जरा जवळून पाहण्यासारखा. याचे उंच खांब आणि ताणलेल्या जाड तारा दरीच्या एकाच काठावर आहेत. दुसऱ्या काठावर पुलाचं टोक नुसतं टेकवलेलं. बघताना काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, पण १९७६ साली इंजिनियरांनी हे पूर्ण विचार करून केलं. दरीच्या तळातून भूकंपाची भेग जाते. जमीन हलली, दोन काठ वेगवेगळ्या दिशांनी सरकले, तर दोन्हीकडे घट्ट बांधलेला पूल तुटेल. एकाच काठाला धरलेला त्या काठाबरोबर सरकेल. आता वाहतूक शेजारच्या नव्या बांधकामावरून जाते.

माथ्यापलीकडचं पाणी

माथ्यावर बरेचदा ढग उतरलेले असतात. रस्त्याच्या कडेचे उंच खांब हिवाळ्यातल्या बर्फात रस्ता कुठे आहे ते दाखवायला रोवलेले आहेत. त्यांची उंची पाहिली की तिथे किती बर्फ साचत असेल याचा अंदाज येतो. सीमा माथ्याजवळ आहे, पण दोन्ही देशांच्या चौक्या तिथे नाहीत. अमेरिकेची बरीच खाली, गावापासून अकरा किलोमीटरवर, आणि कॅनडाची पलीकडे फ्रेझरला. मधल्या पट्ट्यात तुम्ही एका देशातून बाहेर पडलेले आणि दुसऱ्याने अजून न तपासलेले असता.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला या माथ्याची रीत लगेच कळते. गोदावरी त्र्यंबकला उगवते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघते. इथेही तसंच. माथ्यापलीकडचं बेनेट सरोवर खाऱ्या पाण्यापासून फार दूर नाही, पण त्याचं पाणी युकॉन नदीतून तीन हजारांवर किलोमीटर फिरून बेरिंग समुद्राला मिळतं. पावसाचंही तेच. किनाऱ्याकडची बाजू हिरवीगार, ओलीचिंब. माथा ओलांडला की पाऊस आटतो, झाडं खुरटतात, करड्या कातळांमध्ये छोटी छोटी तळी पसरलेली दिसतात.

सोन्यामागे निघालेल्यांनी बेनेटच्या काठची झाडं तोडून स्वतःच्या हातांनी होड्या बांधल्या. मे १८९८ च्या अखेरीस बर्फ फुटला आणि सात हजारांवर होड्या पाण्यात उतरल्या. काठावरच्या तंबूंच्या वसाहतीत एक हॉटेल-खानावळ चालायची. तिचा एक मालक होता फ्रेडरिक ट्रम्प, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा. त्यांनी सोनं खणलं नाही, खणायला निघालेल्यांना जेवू घातलं, आणि पैसे त्यातच होते.

पुढे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा तुकडा संपतो आणि युकॉन लागतं. ही हद्द म्हणजे थेट ६० अंश उत्तर अक्षांशाची रेषा. जूनमध्ये इथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो, त्यामुळे फोटोंसाठी उजेडाची घाई नाही. टॅगिश सरोवराच्या विंडी आर्म या फाट्याच्या कडेकडेने जाताना बोव्ह बेटाचा थांबा चुकवू नका. या रस्त्यावरचं सर्वांत मोकळं दृश्य तिथलं आहे. अस्वलं रस्त्याकडेच्या गवतात चरताना दिसतात. दिसली तर गाडी पूर्ण बाजूला घ्या, काच वर, आणि उतरायचं नाही. पिल्लू असेल तर आई जवळच असते.

वाळवंट म्हणवणारी वाळू

कारक्रॉसच्या जरा पलीकडे, भोवती बर्फाचे डोंगर आणि मधोमध वाळूच्या टेकड्या. 'जगातलं सर्वांत लहान वाळवंट' अशी याची जाहिरात होते. क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत हे वाळवंट बसत नाही. हिमयुगात इथे मोठं सरोवर होतं. ते आटलं, तळाची वाळू उघडी पडली, आणि बेनेट सरोवरावरून येणारा वारा आजही त्यात भर घालत असतो. म्हणून झाडं रुजायला धजत नाहीत. मुलं बरोबर असतील तर इथे जास्त वेळ ठेवा. बूट काढून टेकडी चढायची आणि घसरत खाली यायचं, त्यांना बाकी काही नको.

कारक्रॉसला मात्र नुसतं आइस्क्रीम खाऊन निघू नका, कारण सोन्याच्या गोष्टीची खरी माणसं इथली. १८९६ च्या त्या ऑगस्टमध्ये ओढ्याकाठी होते केइश, त्यांची बहीण केट, त्यांचा भाचा डॉसन चार्ली आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. केइश आणि केट टॅगिश समाजाचे, याच तळ्यांच्या प्रदेशातले. केइश 'स्कूकम जिम' या नावाने ओळखले जायचे. त्याआधी, १८८७ मध्ये, कॅप्टन मूरला व्हाइट पासची वाट दाखवायला तेच गेले होते. शोधाचा पहिला हक्क कारमॅकच्या नावावर नोंदला गेला आणि कितीतरी वर्षं पुस्तकांत तोच एकटा शोधक राहिला. केइशनी आपल्या संपत्तीतून आपल्या लोकांसाठी निधी ठेवला. भाऊ-बहीण दोघांचीही थडगी इथेच आहेत. केइश गेले १९१६ मध्ये, केट १९२० च्या फ्लूच्या साथीत. अख्खा खंड ज्या बातमीने पेटला, ती या छोट्या गावच्या माणसांची होती. हे माहीत असलं की कारक्रॉसच्या लाकडी घरांकडे पाहण्याची नजर बदलते.

इथून बारा-तेरा किलोमीटरवर एमरल्ड लेक, आपल्या फेरीचं शेवटचं टोक. रस्त्याकडेच्या थांब्यावरून तळं खाली अख्खं दिसतं. काठाशी फिकट पोपटी, थोडं आत गडद हिरवं, मधे एकदम निळं, आणि या रंगांच्या कडा अशा ठळक, की कुणी आखून दिल्यासारख्या. पाण्यात रंग काही नाही. हिमनद्यांनी सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी डोंगरातला चुनखडक घासून इथे आणला. त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट चिकणमातीत मिसळून तळाशी पांढरा थर झाला. पाणी उथळ असेल तिथे या पांढऱ्यावरून उजेड परततो आणि हिरवा दिसतो. खोल जागी तो परतत नाही. सगळा खेळ उजेडाचा, म्हणून ढगाळ दिवशी तळं साधं दिसतं. ऊन पडायची दहा मिनिटं वाट बघायची असेल तर ती इथे बघा.

परतीचं घड्याळ

उन्हाळ्यात युकॉनचं घड्याळ अलास्काच्या एक तास पुढे असतं. फोन सीमेवर स्वतःहून वेळ बदलतो आणि घाटात रेंज गेली की कुठली तरी एकच धरून बसतो. मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर तेच माना. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलेल्यासाठी थांबत नाही. सुटायच्या वेळेआधी अर्धा तास आत असावं लागतं. त्याआधी आणखी दोन तास हातात ठेवून एमरल्ड लेकहून निघा. दुपारनंतर सगळ्या टूरच्या बसेस एकदम परततात आणि अमेरिकी चौकीवर रांग लागते. डब्यातली उरलेली फळं आधीच संपवा. विचारलं तर जे आहे ते सरळ सांगा.

वेळ उरला तर गावातला आर्क्टिक ब्रदरहुड हॉल बघा. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या आठ हजार आठशेंवर काटक्या खिळ्यांनी ठोकून त्याचा दर्शनी भाग सजवला आहे. आणि सोपी स्मिथचं थडगं. हा इथला नामी ठग. त्याने तारघर उघडलं, पाच डॉलरला घरी खुशालीची तार पाठवायचा, उत्तरही आणून द्यायचा. स्कॅग्वेला खरी तार आली १९०१ मध्ये, तो त्याआधीच, ८ जुलै १८९८ ला, धक्क्यावरच्या गोळीबारात मेला. त्याच्यावर गोळी झाडणारा फ्रँक रीडही बारा दिवसांनी गेला. दोघे एकाच कब्रस्तानात आहेत. ते गावाबाहेर, धक्क्यापासून तीनेक किलोमीटरवर आहे, मागे चालत गेलं की छोटा धबधबाही लागतो. म्हणून तिथे गाडी परत करण्याआधी जा. किल्ली दिल्यावर पायी जाऊन यायला वेळ पुरणार नाही.